आरओचं प्रेशर १०.५ वरून १४.२ बारवर गेलंय, मेम्ब्रेन खरंच गेले का?

यूटिलिटी_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आलेय. मी यूटिलिटीत शिफ्ट बघते. आमच्याकडे बॉयलर फीडसाठी आरओ (मेम्ब्रेनमधून दाबाने पाणी ढकलून क्षार काढणारा प्लांट) आहे, त्याच्या पुढे उरलेले क्षार काढणारा मिक्स बेड. पाणी नदीचं, क्लॅरिफायर आणि सँड फिल्टरमधून येतं, मग एसएमबीएस (क्लोरीन मारायला) आणि अँटिस्केलंटचं (क्षार बसू नयेत म्हणून) डोसिंग, मग ५ मायक्रॉन कार्ट्रिज फिल्टर आणि मग हाय प्रेशर पंप. दोन स्टेज आहेत, पहिलीत ४ व्हेसल (लांब नळकांडी) दुसरीत २, प्रत्येकात ६ एलिमेंट (मेम्ब्रेनच्या गुंडाळ्या), म्हणजे ८ इंची एकूण ३६.

नवे मेम्ब्रेन टाकून पाच महिने झालेत. तेव्हा १०.५ बारला तासाला ३० घनमीटर परमिएट (मेम्ब्रेनमधून आलेलं शुद्ध पाणी) आरामात मिळायचं. आता १४.२ बार देऊनसुद्धा २६ च्या वर जात नाही, व्हीएफडी (पंपाचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) ९८ टक्क्यांवर आहे म्हणजे पंपातही आता काही शिल्लक नाही. परमिएटची कंडक्टिव्हिटी (क्षार किती उरलेत त्याचं माप) मात्र बिघडलेली नाही, आधी २२ होती आता १९ येतेय, उलट थोडी सुधारलीच म्हणायची.

दीड महिन्यापूर्वी सप्लायरच्या माणसांनी येऊन सायट्रिक ॲसिडने सीआयपी (मेम्ब्रेन बाहेर न काढता केमिकल फिरवून धुणं) केलं. आठ-दहा दिवस जरा बरं वाटलं आणि मग परत जैसे थे. आता ते म्हणतात क्लोरीनने मेम्ब्रेन जळालेत, ३६ च्या ३६ बदला. मॅनेजर साहेब ऑर्डर काढायच्या तयारीत आहेत आणि मला आतून वाटतंय की काहीतरी चुकतंय, पण छातीठोकपणे सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही. पाच महिन्यांत ३६ मेम्ब्रेन भंगारात काढायचे हे मनाला पटतच नाहीये. काय काय तपासू ते सांगा, सगळं रजिस्टर समोर आहे.

खारंपाणी:
ताई, आधी ऑर्डर थांबवा, निदान आठवडाभर तरी. क्लोरीनने जळालेल्या मेम्ब्रेनची खूण ही असते की त्यातून मीठ सुटायला लागतं. त्याची पॉलिअमाइडची कातडी असते एका मायक्रॉनच्या दशांशाच्या आसपास जाडीची, तीच क्लोरीन खातो, आणि ती खाल्ली गेली की कंडक्टिव्हिटी चढते आणि पाणी हळूहळू जास्त सुटायला लागतं. तुमच्याकडे बरोबर उलटं चाललंय, मीठ नीट अडतंय आणि पाणी अडतंय. हे जळाल्याचं नाही, चोंदल्याचं लक्षण आहे.

मी समुद्राच्या पाण्यावर काम करतो, आमचे आकडे वेगळे असतात. ३५,००० टीडीएसच्या (लिटरला इतके मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) पाण्याचं नुसतं ऑस्मॉटिक प्रेशरच (क्षारांमुळे उलटा लागणारा दाब) २७ बारच्या आसपास असतं, त्याच्या वर ढकलायचं तेव्हा कुठे गोडं पाणी, म्हणून आम्ही ५५ ते ७० मध्ये चालवतो. तुमच्या पाण्यात ते ओझं नगण्य आहे. त्यामुळे तुमचे वाढलेले पावणेचार बार कुठे खर्च होतायत ते शोधणं सोपं जायला हवं. एवढं द्या: प्रत्येक स्टेजचा डीपी (आत शिरताना आणि बाहेर पडतानाच्या प्रेशरमधला फरक) वेगवेगळा, तेव्हाचा आणि आताचा. रिजेक्टचा (मागे उरणाऱ्या दाट पाण्याचा) फ्लो. आणि फीडच्या पाण्याचं तापमान, तेव्हाचं आणि आताचं. तापमान लोक लिहीतच नाहीत आणि निम्मं उत्तर तिथेच दडलेलं असतं.

यूटिलिटी_शिफ्ट:
धन्यवाद दादा. रजिस्टरमधून काढलं. तेव्हा पहिल्या स्टेजचा डीपी १.२, दुसरीचा १.०, रिजेक्ट १०, तापमान ३१ अंश. आज पहिलीचा २.६, दुसरीचा ०.९, रिजेक्ट ८, तापमान २१. रिजेक्ट ८ कसं झालं ते विचारलं तर रात्रपाळीने सांगितलं की परमिएट कमी पडत होतं म्हणून रिजेक्टचा व्हॉल्व थोडा थोडा आवळत गेलो. फीडचा टीडीएस ९०० च्या आसपास, फार हलत नाही. परमिएट लाइनवर अर्धा बार असतो.

तापमान दहा अंशांनी उतरलंय हे मी आज पहिल्यांदा शेजारी शेजारी बघितलं.

लॅबवाली:
मग बसा आता कागद घेऊन, कारण हे गणित तुम्हाला मॅनेजरसमोर मांडायचंय, नुसतं "थंड पाणी आहे साहेब" म्हणून कोणी ऐकत नाही.

मेम्ब्रेनमधून पाणी जातं ते फीड प्रेशरमुळे नाही, उरलेल्या प्रेशरमुळे. म्हणजे फीड प्रेशर घ्या, त्यातून दोन्ही स्टेजच्या एकूण डीपीचा निम्मा वजा करा, सरासरी ऑस्मॉटिक प्रेशर वजा करा, परमिएट बाजूचं प्रेशर वजा करा. ऑस्मॉटिकसाठी ढोबळ हिशोब असा की दर १००० टीडीएसला ०.७ बार. तुमचं फीड ९००, ७५ टक्के रिकव्हरीला (म्हणजे फीडचं ७५ टक्के पाणी परमिएट) रिजेक्टमध्ये ते चौपट होतं, मधली सरासरी १८०० धरली तर १.३ बार झालं.

तेव्हा: १०.५ वजा १.१ वजा १.३ वजा ०.५, राहिले ७.६ बार.
आता: १४.२ वजा १.७५ वजा १.३ वजा ०.५, राहिले १०.६५ बार.

म्हणजे जोर ४० टक्क्यांनी वाढवला आणि पाणी मात्र ३० चं २६ झालं. तापमान न धरता आजचे २६ जुन्या जोरावर आणले तर साडेअठरा भरतात, म्हणजे ३८ टक्के घट. कोणीही घाबरेल, तुमचा सप्लायर हाच आकडा दाखवत असणार.

आता तापमान धरा. पाणी थंड झालं की घट्ट होतं आणि मेम्ब्रेनची जाळीही आखडते, अंशाला ढोबळ ३ टक्के फ्लो कमी. २५ अंशाला १ मानलं तर ३१ ला १.१९ आणि २१ ला ०.८७. त्या साडेअठराला १.१९ ने गुणा आणि ०.८७ ने भागा, आले २५.४. म्हणजे खरी घट ३० वरून २५.४, १५ टक्के. अडतीस नाही, पंधरा.

आणि हेही लिहून ठेवा की अगदी कोरे करकरीत मेम्ब्रेन जरी टाकले तरी २१ अंशाच्या पाण्यात ३० घनमीटर काढायला तुम्हाला १३.३ बारच्या आसपास लागणारच आहेत. नवे ३६ टाकून पंप सुरू केला आणि गेजवर १३ दिसलं की साहेब विचारतील हे काय, मग कोण उत्तर देणार?

१५ टक्के घट ही मात्र खरी आहे, ती अंगावर काढायची नाही. नॉर्मलाइज्ड फ्लो (असा जोर आणि तापमान धरून काढलेला) १० ते १५ टक्के पडला किंवा डीपी १५ टक्के चढला की क्लीनिंग करायचं असा आपल्या कामातला सर्वसाधारण दंडक आहे, आणि तुमचा पहिल्या स्टेजचा डीपी तर दुपटीच्या वर गेलाय. हे क्लीनिंग फार आधी व्हायला हवं होतं. रोज एकदा हा हिशोब शीटमध्ये टाकत जा, दोन मिनिटांचं काम आहे, पण मेम्ब्रेन खराब व्हायला लागला की गेजच्या कितीतरी आधी तो आकडा बोलतो.

जुना_फिटर:
लॅबवालीताईंनी हिशोब अगदी चोख मांडलाय, मी हात काळे करण्याबद्दल लिहितो.

डीपी फ्लोबरोबर पडतो. तेव्हा तुमच्या पहिल्या स्टेजला ४० घनमीटर जात होतं, आता २६ अधिक ८ म्हणजे ३४ जातंय. कमी पाण्याला डीपी १.२ च्या खाली यायला पाहिजे होता आणि तो २.६ आहे. म्हणजे दिसतंय त्याहून जास्त चोंदलंय. आणि दुसरी स्टेज साफ आहे. क्षार बसले असते तर ते शेवटच्या व्हेसलच्या शेवटच्या एलिमेंटात बसले असते, कारण पाणी सगळ्यात दाट तिथे होतं, आधी दुसऱ्या स्टेजचा डीपी चढला असता. पुढे चढतो तो गाळ तरी असतो किंवा जिवंत घाण. नदीचं पाणी, एसएमबीएसने क्लोरीन मारल्यानंतरची लाइन, मीठ व्यवस्थित अडतंय, ॲसिडने चार दिवस बरं वाटून परत तेच... माझा अंदाज बायोफाउलिंग (जिवाणूंचा थर), पण अंदाजावर जाऊ नका, उघडून बघा.

उघडताना एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेज शून्य दाखवतंय म्हणून एंड प्लेटच्या रिंगला हात घालायचा नाही. गेजचं भोक गाळाने बंद झालेलं असतं आणि आत प्रेशर अडकलेलं असतं. आधी पंप इलेक्ट्रिकली लॉक, मग फीड आणि रिजेक्ट दोन्ही बाजूंचे ड्रेन उघडे, व्हेंट उघडा, त्यातून पाणी वाहायचं थांबलेलं डोळ्याने बघा, मगच. माझ्यासमोर एकाने घाई केली आणि ती प्लेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली, नशिबाने तो बाजूला उभा होता. तेव्हापासून मी प्लेटच्या समोर कोणाला उभं राहूच देत नाही.

पहिल्या स्टेजच्या कुठल्याही एका व्हेसलच्या फीडच्या बाजूची प्लेट काढा. पहिल्या एलिमेंटच्या तोंडावर बोट फिरवा, वास घ्या. बुळबुळीत आणि कुजका वास असेल तर बायो. बोटाला करकरीत लागलं तर वाळू, गाळ. तो थर जरा खरवडून ॲसिडचा थेंब टाका, फसफसला तर कार्बोनेट. मग पहिलं आणि सहावं एलिमेंट बाहेर काढून पाणी निथळू द्या आणि वजन करा. निथळलेलं चांगलं ८ इंची एलिमेंट साधारण १५-१६ किलोच्या आसपास भरतं. काढताना फीडकडून रिजेक्टकडेच ढकलायचं, उलटं ओढायचं नाही, ब्राइन सील (एलिमेंटच्या बाहेरून पाणी निसटू न देणारी रबरी कड) दुमडतो. ओ रिंगला ग्लिसरीन लावा, ग्रीस अजिबात नको.

बायो निघालं तर क्लीनिंगचा क्रम: आधी अल्कली, नंतर ॲसिड. तुमच्या सप्लायरने पहिल्यांदाच ॲसिड मारलं, त्याने लोखंड सुटलं असेल म्हणून थोडं बरं वाटलं, पण तो बुळबुळीत थर ॲसिडने निघत नाही, उलट आकसून घट्ट बसतो. कॉस्टिकने पीएच १२ च्या जवळ, तापमान ३५ च्या वर नको, त्यात थोडं ॲनायॉनिक सर्फॅक्टंट. कॅटायॉनिक चुकूनही नको, ते मेम्ब्रेनला असं धरतं की परत सुटत नाही. तुमच्या मेम्ब्रेनच्या मॅन्युअलमध्ये पीएच आणि तापमानाची मर्यादा दिलेली असते, शेवटचा शब्द तिचा. अर्धा तास फिरवा, तास-दोन तास भिजू द्या, परत फिरवा. पहिलं परत येणारं घाण पाणी टाकीत घेऊ नका, सरळ ड्रेनला सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या सीआयपी पंपाचा फ्लो किती आहे? ८ इंची व्हेसलला ८-९ घनमीटर तरी लागतं तेव्हा घाण उखडते. त्याहून कमी असेल तर केमिकल नुसतं आतून फिरून येतं. प्रेशर मात्र कमी ठेवायचं, ३-४ बारच्या आत, नाहीतर परमिएट निघायला लागतं आणि सुटलेली घाण परत मेम्ब्रेनवर दाबली जाते. दोन्ही स्टेज एकत्र कधीच धुवायच्या नाहीत, पहिलीची घाण दुसरीत जाऊन बसते.

यूटिलिटी_शिफ्ट:
फिटर काका, सीआयपी पंप २० घनमीटरचा आहे. पहिल्या स्टेजची ४ व्हेसल एकदम धुतली होती. म्हणजे एका व्हेसलला ५ च मिळालं. आणि मला आठवतंय दोन्ही स्टेज एकत्रच फिरवल्या होत्या, मी स्वतः उभी होते तिथे.

जुना_फिटर:
मग सापडलं की ताई. दोन-दोन व्हेसल करा. हेडरला व्हॉल्व नसतील तर बाकी दोघांच्या कपलिंगमध्ये ब्लाइंड प्लेट टाका, तासाभराचं काम आहे. दोघांना मिळून १८ द्या, २० ची गरज नाही.

अजून एक, तुमचा २.६ बार सहा एलिमेंटमध्ये सारखा वाटलेला नाहीये. बायो असेल तर निम्म्याहून जास्त पहिल्या एकट्यावर पडत असणार. एका एलिमेंटला १ बारच्या वर डीपी झेपत नाही, आतली गुंडाळी दुर्बिणीसारखी बाहेर सरकते, मग मात्र ते एलिमेंट गेलंच. म्हणून व्हेसलचा साडेतीन बार येईपर्यंत वाट बघत बसू नका.

कंट्रोलपॅनल:
धुवून साफ होईल, पण महिन्याभरात परत येईल, कारण मूळ तसंच आहे. ताई, तुमचा एसएमबीएस कार्ट्रिजच्या आधी पडतोय. म्हणजे तिथून पुढे पाण्यात क्लोरीन शून्य, आणि पुढे काय आहे तर कार्ट्रिज हाऊसिंग, अंधार, कापसासारखे फिल्टर, भरपूर पृष्ठभाग. तिथे जिवाणूंचं बस्तान बसतं आणि तिथून ते पुढे मेम्ब्रेनवर उतरतात. एसएमबीएसचा पॉइंट कार्ट्रिजच्या नंतर घ्या, म्हणजे कार्ट्रिजपर्यंत क्लोरीन पोचेल.

शिवाय एसएमबीएस आणि अँटिस्केलंटच्या डे टँकमध्ये (डोसिंगचं द्रावण ठेवायच्या टाक्या) हात घालून बघा. अँटिस्केलंट पाण्यात पातळ करून चार-चार दिवस ठेवलं की टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो आणि तोच थर डोसिंग पंप इमानेइतबारे आरओत पाठवत राहतो. एसएमबीएसचं पातळ द्रावण तर हवेने काही दिवसांत उतरतं, मग ऑपरेटर स्ट्रोक वाढवतो.

खारंपाणी:
पॉइंट हलवायचं म्हणताय ते तत्त्वतः बरोबर आहे पण मी ताईंना लगेच हलवा असं नाही सांगणार. कार्ट्रिज ते पंप किती फूट पाइप आहे? एसएमबीएसची क्लोरीनवर प्रतिक्रिया लगेच होते हे खरं, पण मिसळायला तर पाहिजे ना. स्टॅटिक मिक्सर नाही, पाइप आखूड, आणि एके रात्री डोसिंग पंपात हवा धरली, की सगळा क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर. आता फक्त चोंदलेत, ते धुता येतात. जळालेले कोणी धुवून देत नाही. पाण्यात लोखंड असेल तर क्लोरीन आणखी वेगाने खातो.

आधी ओआरपी मीटर (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारा), त्याचा इंटरलॉक (पंप आपोआप बंद करणारी जोडणी), मिक्सर, आणि मग पॉइंट. ओआरपी चढला की हाय प्रेशर पंप ट्रिप झालाच पाहिजे, नुसता अलार्म वाजवून उपयोग नाही, अलार्म रात्री कोणीतरी ॲक्नॉलेज करून टाकतो.

कंट्रोलपॅनल:
हे मान्य. इंटरलॉकशिवाय हलवू नका, मी ते गृहीत धरून लिहिलं होतं, स्पष्ट लिहायला हवं होतं. तोपर्यंत नॉन ऑक्सिडायझिंग बायोसाइडचा ठरावीक दिवसांनी शॉक डोस देता येईल, तो पॉलिअमाइडला चालतो. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर चालू प्लांटमध्ये द्यायचा नसतो, तुमचं बॉयलरला जातंय. तरी डोसच्या वेळचं परमिएट ड्रेनला सोडलेलं बरं.

आणि क्लोरीनला एसएमबीएस गणिताने १ ला १.३४ लागतो, प्रत्यक्षात लोक १ ला ३ धरतात. त्याच्याही वर उगाच टाकत राहिलात तर फायदा काहीच नाही. तुमचा डोस किती चाललाय ते एकदा मोजा, स्ट्रोकच्या टक्क्यावर विश्वास ठेवू नका, मोजपात्र लावून मिनिटाला किती मिली ओढतो ते बघा.

लॅबवाली:
रिजेक्टचा व्हॉल्वही विसरू नका. रात्रपाळीने आवळला तो हेतू चांगला ठेवून, पण त्याने रिकव्हरी ७६ च्या वर गेली आणि दुसऱ्या स्टेजच्या प्रत्येक व्हेसलमधून बाहेर पडणारं पाणी ५ वरून ४ वर आलं. वाहणं मंदावलं की मेम्ब्रेनच्या अंगालगत मीठ साचतं आणि तिथलं पाणी मोजलेल्या रिजेक्टपेक्षाही दाट होतं. आज दुसरी स्टेज साफ आहे, पण असंच आवळत राहिलात तर सिलिका तिथेच बसेल, आणि सिलिका बसला की धुणं फार जिकिरीचं. व्हॉल्वच्या चाकाला टॅग लावा, प्रेशर कमी पडलं तर हात लावायचा नाही, फोन करायचा.

यूटिलिटी_शिफ्ट:
सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद, आज १९ दिवसांनी लिहितेय, मुद्दाम थांबले कारण क्लीनिंगनंतरचे दोन आठवड्यांचे आकडे हातात घेऊनच लिहायचं होतं.

लॅबवालीताईंचं गणित मी स्वतः परत मांडलं, त्याची प्रिंट काढली आणि मॅनेजर साहेबांसमोर ठेवली. त्यांनी तापमानाची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, बरं, एक व्हेसल उघड, मग बघू. प्लेट काढली (काका, तुम्ही सांगितलं तसंच, व्हेंटमधून पाणी थांबेपर्यंत उभे राहिलो, आणि खरोखर गेज शून्यावर असताना व्हेंट उघडल्यावर पाच-सहा सेकंद जोरात पाणी आलं, ते बघून माझ्या अंगावर काटा आला). पहिल्या एलिमेंटच्या तोंडावर तपकिरी लेप होता, नखाने ओढला तर दोऱ्यासारखा ओढला जायचा, आणि वास तुंबलेल्या गटारासारखा. तो वास ज्याने घेतला त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. पहिलं एलिमेंट निथळल्यावर २१ किलो भरलं, सहावं साडेसोळा.

डे टँकमध्ये हात घातला. एसएमबीएसची ठीक होती, अँटिस्केलंटची आतून अक्षरशः शेवाळलेली. कार्ट्रिज हाऊसिंगमध्ये तळाला दोन बोटं जाड गाळ, कारण कार्ट्रिज महिन्याला तारखेने बदलायचो आणि हाऊसिंग आतून कधी कोणी पुसलंच नव्हतं. जुनी बायपास लाइन आहे, तिचं एक टोक बंद, त्यात पाणी कधीपासून साचलेलं होतं देव जाणे. तेही काढून टाकलं.

क्लीनिंग दोन-दोन व्हेसलचं केलं, १८ घनमीटर, पीएच ११.८, ३४ अंश. पहिल्या फेरीला परत आलेलं पाणी इतकं गढूळ होतं की बादलीचा तळ दिसत नव्हता, ते सगळं ड्रेनला सोडलं. रात्रभर अधूनमधून फिरवत ठेवलं. परमिएटने धुवून मग सायट्रिक, मग परत धुणं. चार दिवसांनी अल्कलीचं आणखी एकदा केलं, कारण पहिल्या खेपेला डीपी १.७ वर येऊन अडकला होता.

आता आकडे: फीड १३.४ बार, परमिएट २८.८, रिजेक्ट १०, पहिल्या स्टेजचा डीपी १.४, दुसरीचा १.०, तापमान २१. हिशोब केला, नॉर्मलाइज्ड २८.८ च येतंय, म्हणजे ९६ टक्के. दोन आठवडे तो आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

पहिल्या दिवशी गेजवर १३.४ बघून सप्लायरचा माणूस म्हणाला की बघा, एवढं धुवून जेमतेम बारभरसुद्धा उतरलं नाही. त्याला तीच प्रिंट दाखवली, की २१ अंशाला कोऱ्या मेम्ब्रेनलाही १३.३ लागतात. त्याने वाचली, काही बोलला नाही. ऑर्डर रद्द झाली. फक्त २ एलिमेंट घेतोय, कारण एकाची गुंडाळी थोडी सरकलेली दिसली आणि एकाचा ब्राइन सील फाटला होता.

जुना_फिटर:
वा ताई, वाचून फार समाधान वाटलं. ती सरकलेल्या गुंडाळीची जागा कुठली होती, पहिलीच ना?

नवीन दोन टाकाल तेव्हा दोन्ही एकाच व्हेसलमध्ये शेवटाकडे टाका आणि त्यातली जुनी पुढे सरकवा, कोरं एलिमेंट पुढे ठेवलं तर तेच सगळ्यात जास्त पाणी ओढेल आणि सगळ्यात आधी चोंदेल. आणि शेवटची प्लेट लावायच्या आधी शिम (मोकळी जागा भरायच्या चकत्या) भरा, रांग व्हेसलमध्ये पुढे-मागे हलता कामा नये. हलली की दर स्टार्टला ओ रिंग घासते आणि मग कंडक्टिव्हिटी वाढली म्हणून परत मेम्ब्रेनच्या नावाने शंख.

यूटिलिटी_शिफ्ट:
हो काका, दोन्ही पहिलीच, वेगवेगळ्या व्हेसलमधली. आता तुम्ही म्हणताय तशी दोन्ही एकाच व्हेसलमध्ये घेते. शिम आत्तापर्यंत कोणी भरलेच नव्हते, व्हेसल २ मध्ये रांग बोटभर हलत होती.

लॅबवाली:
क्लीनिंगनंतरचा हा ९६ टक्क्यांचा दिवस नवीन बेसलाइन म्हणून लिहू नका हं. बेसलाइन तीच ठेवा, पाच महिन्यांपूर्वीची, ३१ अंशाची. दर क्लीनिंगनंतर बेसलाइन खाली ओढत गेलं की दोन वर्षांनी सगळं छान दिसतं आणि पाणी मात्र नसतं.

कंट्रोलपॅनल:
ओआरपीचं काय ठरलं?

यूटिलिटी_शिफ्ट:
मीटर आणि स्टॅटिक मिक्सर मंजूर झालाय, इंटरलॉकचं लॉजिक मी लिहितेय, लिहून झालं की इथेच टाकते, एकदा डोळ्याखालून घाला. एसएमबीएसचा पॉइंट तोपर्यंत जिथल्या तिथे. अँटिस्केलंट आता पातळ न करता सरळ ड्रममधून, छोट्या डोसिंग पंपाने देतोय.

खारंपाणी:
लॉजिकमध्ये ओआरपी प्रोब पाण्याबाहेर राहिला किंवा वायर तुटली तर पंप ट्रिप होईल अशी सोय आधी करा, बाकीचं नंतर बघू.